खुंटीवरची किल्ली

आमच्या गावच्या घरात मधल्या दाराच्या आड एक लाकडी खुंटी आहे. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोटारसायकलची किल्ली तिथे असायची. शेतातून आले की ते आधी वहाणा काढत, मग किल्ली खुंटीला अडकवत आणि त्यानंतर पाण्याचा तांब्या मागत. हा क्रम मोडलेला मी पाहिला नाही. किल्लीला त्यांनी घुंगरमाळेतले एक पितळी घुंगरू दोऱ्याने बांधले होते. बैलजोडी विकली त्या वर्षी बाकीची माळ माळ्यावर गेली. हे एक घुंगरू तेवढे त्यांच्याबरोबर हिंडत राहिले. त्याच्या आवाजावरून घरात कळे की आबा निघाले, किंवा आबा आले.

ती किल्ली मी घेतली. हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. घरातल्यांनी आणि गावातल्यांनी ती हरवली असे समजून जे दिवस काढले, त्या दिवसांत ती माझ्याजवळ होती, आणि मला त्या दिवसांबद्दलच लिहायचे आहे.

मी मानवतला शाळेत शिकवतो आणि तिथेच राहतो. आबा गावी धाकट्या भावाकडे असतात. आई जाऊन बरीच वर्षे झाली. गेल्या भाद्रपदात एका सांजवेळी आबा ओढ्याच्या पुलाजवळ गाडीवरून पडले. समोरून ट्रॅक्टर येत होता आणि त्याचा एकच दिवा लागत होता. आबांना ती मोटारसायकल वाटली. त्यांनी तेवढीच जागा सोडली आणि चाक वेळेवर दिसले म्हणून गाडी बाजूच्या चारीत घातली. कोपर सोलले, गुडघा सुजला. कोणाला हाक न मारता ते गाडी ढकलत घरी आले, किल्ली खुंटीला अडकवली आणि पाणी मागितले.

भावाचा फोन आला. "दादा, आता तूच सांग बाबा. मी कायी म्हणलो की म्हणत्यात, तू मला गाडी शिकवायलास का? तुला शिकवली कुणी?"

मी शनिवारी गावी गेलो. सांगायचे ते वाटेत मनाशी नीट जुळवून ठेवले होते. आबा ओसरीवर गुडघ्याला हळद लावून बसले होते.

"आबा, आता उजेड जरा कमी पडतो," मी म्हणालो.

"कुठं?"

"म्हणजे, दिवस लहान होत चाललेत."

"हां. थंडी पडंल आता," आबा म्हणाले, आणि हळदीची वाटी त्यांनी माझ्याकडे सरकवली.

माझे बोलणे तिथेच संपले. वर्गात मुलांसमोर मला शब्द कमी पडत नाहीत. पण आमच्या घरात वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणण्याची रीतच नाही. तिथे वस्तू जागा बदलतात. आजोबांना साखरेचा आजार झाला तेव्हा त्यांना कोणी गूळ खाऊ नका असे म्हटले नाही. गुळाचा डबा आईने फडताळातून उतरंडीच्या मागे नेला. चुलत्यांचे तंबाखूचे पान असेच एका घरातून दुसऱ्या घरात फिरत राहिले. ज्याची वस्तू तो शोधतो, बाकीचे त्याच्याबरोबर शोधतात, आणि काही दिवसांनी सगळ्यांना कळलेले असते पण कोणी काही बोललेले नसते. याला आम्ही मान राखणे म्हणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा न्हाणीत होते. मी खुंटीवरून किल्ली काढली. घुंगरू वाजले. मी ते मुठीत दाबले, माझ्या दस्तीत, म्हणजे हातरुमालात, किल्ली गुंडाळली, दस्तीला गाठ मारली आणि खिशात ठेवली. गुडघा बरा होईपर्यंत गाडी बंद राहील, तोवर सवय मोडेल, असा माझा हिशेब होता. त्यात आबांच्या हाडांचा विचार होता. त्यांच्या मनाचा नव्हता.

ते अंग पुसत आले, कपडे केले आणि खुंटीकडे हात नेला. हात तसाच वर राहिला.

"किल्ली कुणी काढली?"

कोणी काढली नव्हती. भावजयीने नाही, भावाने नाही. मी ओसरीवर चहा पीत होतो आणि मला कोणी विचारलेही नाही. मी कधी ती गाडी चालवत नसे. मग शोध सुरू झाला. अंथरुणे झटकली, कोनाडे पाहिले, आबांच्या सदऱ्यांचे खिसे उलटे केले. ज्वारीच्या कणगीत पडली असेल म्हणून आबांनी तिच्यात दंडापर्यंत हात घातला. मीही त्यांच्या शेजारी उभा राहून कणगीत हात घातला.

त्याच वेळी मेंढरांचा मालक दारात आला. गावाबाहेरच्या माळावर त्याचा मेंढवाडा आहे; उन्हाळ्यात आमच्या रानात खतासाठी मेंढरे बसवायला तोच येतो. आबांचा त्याच्यावर जीव, आणि त्याच्या तोंडाला लगाम नाही.

"काय शोधायलाव आबा? सोनं का?"

"गाडीची किल्ली."

"घुंगराची? मंग लय सोपं हाय. माझ्या बोकडानं खाल्ली असंल तर चालताना वाजंल की!"

सगळे हसले. आबाही हसले. पण ते पुन्हा खुंटीकडे गेले आणि तिच्यावरून बोटे फिरवून म्हणाले, "काल हितंच अडकवली की. चांगलं याद हाय मला."

"इसरला असताल आबा," भाऊ म्हणाला. "पडल्यापसून तुमचं ध्यान कुठं असतंय?"

आबांनी माझ्याकडे पाहिले. घरातला शिकलेला म्हणून काही गोष्टींत ते माझा शब्द शेवटचा धरतात. मी गप्प राहू शकलो असतो. मी म्हणालो, "होतं असं आबा. वयानं होतं."

किल्ली घेणे ही एक गोष्ट होती. हे वाक्य दुसरी होती. पुढे जे झाले ते किल्लीमुळे कमी आणि या वाक्यामुळे जास्त झाले, असे मला वाटते.

आबांची स्मरणशक्ती ही आमच्या गावात सार्वजनिक मालमत्ता होती. कोणाचे शेत कोणत्या पिढीत कोणाकडून आले, कोणत्या पुरात ओढ्याने काठ बदलला, कोणाच्या लग्नात वरात कशावरून अडली, हे लोक त्यांना येऊन विचारत. ते डोळे मिटत, आणि सांगायला लागले की आधी झाड सांगत, मग माणूस. "तिथं तवा आंबा व्हता, त्याच्याखाली तुझा आजा बसलेला." शाळेत मी मुलांना इतिहास शिकवतो, पण आमच्या गावापुरता तो विषय त्यांचा होता.

किल्ली गेल्यावर त्यांनी काही दिवस तक्रार केली. नंतर तक्रार थांबली, आणि मला त्याचेच बरे वाटले. पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा ते गोठ्याचे दार लावून ओसरीपर्यंत आले आणि परत जाऊन कडी पाहून आले. जेवताना भावजयीला विचारले, "माझी गोळी घेऊन झाली का गं?" त्यांनी ती तिच्यादेखतच घेतली होती. त्यानंतरच्या खेपेला कपाटाच्या किल्ल्या त्यांनी भावाच्या हातात दिल्या. "तू ठिव. माझ्याजवळ नगं." कोणी जुने काही विचारायला आले तर ते बोलायला सुरुवात करत आणि मध्येच थांबत. "असं व्हतं वाटतं. नक्की सांगता येत न्हाई." नक्की सांगता येत नाही, हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, आबा लय थकले रे एकदम." मी मान हलवली. किल्ली तेव्हाही माझ्या खिशात होती. मानवतला ती घरी ठेवून यावी असे मनात येई. पण ती दुसऱ्या कोणाच्या हाती लागेल ही भीती वाटे, आणि ती माझ्यापासून दूर असली की मी खोटे विसरून जाईन अशीही.

नवी किल्ली करून आणायची हे आबांनीच ठरवले. गाडीची दुसरी किल्ली घरात कधी कोणी पाहिलेली नव्हती. भावाने पिकअप सांगितला. पुढे चालकाशेजारी आबा बसले आणि मागे उघड्यावर मी मोटारसायकल धरून उभा राहिलो. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला गाडी माझ्या अंगावर येई आणि खिशातल्या दस्तीत दबलेले घुंगरू मला छातीशी जाणवे. केबिनच्या मागच्या काचेतून आबा मधूनमधून वळून पाहत होते. मला वाटले, गाडीकडे पाहतात. मग कळले की मी पडेन म्हणून पाहतात.

मानवतच्या बसस्थानकापासून जरा पुढे एक किल्ल्यावाला बसतो. लाकडी पेटी, तिच्यावर तारेत ओवलेल्या कोऱ्या चाव्या, आणि एक मेणबत्ती. त्याने गाडीचे कुलूप वाकून पाहिले.

"चाचा, जुनी चावी हाय का? तुटकी असली तरी चालंल. तिच्यावरनं चुटकीत काढून देतो."

"न्हाई," आबा म्हणाले. "हरवली."

"कुठं?"

"ते याद असतं तर हितं कशाला आलो असतो?"

किल्ल्यावाला मोठ्याने हसला. "ये बात सही. बसा." त्याने एक कोरी चावी मेणबत्तीवर काळी केली, कुलपात घालून हलवली, बाहेर काढली, काजळी जिथे खरवडली होती तिथे कानस घासली, पुन्हा काळी केली, पुन्हा घातली. हे बराच वेळ चालले. आबा शेजारच्या पोत्यावर बसून त्या कानशीकडे पाहत होते. मी त्यांच्यामागे उभा होतो. किल्ली काढून द्यावी, 'ही घ्या, गाडीच्या बुडाशी अडकलेली सापडली' असे काहीतरी म्हणावे, असे मनात येत होते. मी खिशावर हात दाबून धरला.

काही वेळाने आबा त्या अनोळखी माणसाला आपणहून सांगू लागले. "बाबा, एक न करता दोन कर. माझं आता खरं न्हाई. ठिवलेलं ठिवल्या जागी ऱ्हात न्हाई. मला वाटतंय ठिवलं, अन् ठिवलेलं नसतंय. लेकरं कायी बोलत न्हाईत, चांगली हायत. पण मला कळायलंय की."

"अरे चाचा, चाव्या तर जवान पोरंबी हरवत्यात. माझा धंदा त्याच्यावरच हाय."

"पोरांची हरवती," आबा म्हणाले. "माझी कधी हरवली नव्हती."

कुलूप फिरले. गाडीचा दिवा लागला. किल्ल्यावाल्याने दोन नव्या चाव्या तारेच्या कडीत घालून आबांच्या हातावर ठेवल्या. मी पाहत होतो की आता ते गाडीवर बसतील, आणि माझा सगळा उद्योग वाया जाईल. मला त्या क्षणी खरोखर तसे व्हावे असे वाटत होते. पण आबांनी चाव्या मुठीत धरल्या आणि पिकअपकडे चालू लागले. घरी आल्यावर त्या खुंटीला अडकवल्या. त्यानंतर त्यांना हात लावला नाही. भावाने विचारले तेव्हा म्हणाले, "ज्याला किल्ली सांभाळता येत न्हाई, त्यानं गाडी कशाला चालवावी?"

मला हवे होते ते झाले होते. आबा गाडी चालवणार नव्हते. भावाने त्या रात्री माझ्याकडे हायसे वाटल्यासारखे पाहिले. मला मात्र जेवण गेले नाही.

दिवाळीनंतर मेंढरांचा मालक पुन्हा आला. या वेळी तो हसत नव्हता. माळावरून ओढ्याच्या पाण्यापर्यंत जाणारी जुनी गाडीवाट आमच्या आणि शेजाऱ्याच्या रानाच्या मधून जाते. वाट म्हणजे काय, बैलगाड्या गेल्या आणि गवताची एक पट्टी उरली. मेंढरे त्या पट्टीनेच पाण्यावर जातात. शेजाऱ्याने या वर्षी पट्टीसकट सगळे नांगरले, हरभरा पेरला, आणि वाट होती ती तुमच्या बाजूला, माझ्या रानात कधी नव्हतीच, असे म्हणू लागला. आमच्या बाजूला तर विहिरीचा उंच भराव आहे. तिथून वाट असणे शक्य नव्हते. मेंढरांना आता डांबरी रस्त्याने लांबून फिरून जावे लागत होते. ट्रकखाली एक गाभण मेंढी गेली होती.

गावात अशा भांडणाला एक रीत आहे. वाद असलेल्या जागी गावातल्या जाणत्याने अनवाणी, हातात त्याच रानातले ढेकूळ घेऊन, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचे. मागून राख टाकत जातात. राखेची रेघ पडते ती वाट. यात खोटे चालणाऱ्याचे काय होते याबद्दल बरेच बोलले जाते; पण खरी गोष्ट एवढीच की त्या माणसाचा शब्द सगळ्यांना मान्य असावा लागतो. शेजारी या रीतीला तयार होता. आणि ती वाट चालती असताना तिच्यावरून गाडी हाकलेला माणूस गावात आता एकच उरला होता.

"दुसरं कुणी बघ बाबा," आबा त्याला म्हणाले. "मी गवाही देत न्हाई."

"आबा, दुसरं कोण हाय? माझ्या बापाच्या लग्नात भांडण कुणी काढलं ते तुमी मला सांगितलाव. मला तर वाटतंय तुमीच काढलं असंल, म्हणून इतकं ध्यानात हाय."

आबा हसले नाहीत. "ते जुनं. जुन्याचं तरी काय खरं, कालचं हातात ऱ्हाईना. उद्या मी भलतीकडनं चाललो, तर तुझी मेंढरं दुसऱ्याच्या रानात घालून ठिवीन. न्हाई तर तुझी वाट बुडवीन. मराया टेकलो अन् असं पाप कशाला घेऊ?"

तो माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुमी तरी सांगा. वाट गेली तर मेंढरं मोडावी लागत्याल मला. त्या सडकंनं किती दिवस न्यावी?"

मी म्हणालो, "आबांना त्रास नको द्यायला." तो उठला. जाताना त्याने नेहमीप्रमाणे आबांच्या पायांना हात लावला आणि माझ्याकडे न पाहता गेला.

त्या रात्रीपासून किल्ली परत कशी द्यायची याचा मी विचार करू लागलो. कबूल न करता द्यायची, असाच विचार होता. एवढे ठेचकाळूनही मी आमच्या घराच्या रीतीतच मार्ग शोधत होतो. वस्तू पुन्हा जागा बदलेल, एवढेच. पण जागा कोणती? कणगीत सापडली तर आबांनी ती तिथे टाकली असे ठरेल. शेतात सापडली तर खुंटीला अडकवली ही त्यांची याद खोटी ठरेल. खुंटीखालच्या फटीत सापडली तर डोळ्यांसमोरचे दिसले नाही असे होईल. घरातल्या एकेका कोपऱ्याचा मी विचार केला, आणि प्रत्येक कोपरा आबांच्या विरुद्ध साक्ष देत होता. त्यांना खरे ठरवणारी जागा एकच होती. ती माझ्या खिशात होती.

तरीही मी बोललो नाही. वाटेच्या निवाड्यासाठी ठरलेल्या दिवशी सकाळी आबांबरोबर रानात गेलो. ते चालायला आले नव्हते. गावाने बोलावले तर नकारसुद्धा समोर जाऊन द्यावा, एवढ्यासाठी आले होते. बांधावर पंधरावीस माणसे जमली होती. मेंढरांचा मालक राखेचे घमेले घेऊन एका बाजूला उभा होता. शेजारी पुढे आला. तो वाईट माणूस नाही. रान कमी आहे आणि पोरे कर्ती झाली आहेत.

"आबा, मी तुमच्या शब्दाच्या भायर न्हाई," तो म्हणाला. "पण एक विचारू का? किल्ली घावली का तुमची?"

काही जण हसले.

"न्हाई," आबा म्हणाले.

"मंग राग धरू नका. ज्याला घरातल्या खुंटीवरची किल्ली घावली न्हाई, त्याला पन्नास वर्साची वाट कशी घावंल? मी न्हाई म्हणत, लोक म्हणायलेत."

आबांनी मान हलवली. त्यांना ते पटले होते. "खरं हाय तुझं. मी तेच सांगायला आलो. माझ्यावर..."

"किल्ली हरवली नव्हती," मी म्हणालो.

कोणी वळून पाहिले नाही. माझा आवाज मुळात बारीक आहे. वाऱ्यात तो माझ्या शेजारच्यालाही गेला नसावा. मला ते पुन्हा म्हणावे लागले, मोठ्याने, आणि दुसऱ्यांदा म्हणणे पहिल्यापेक्षा अवघड होते. मी दस्ती काढली आणि गाठ सोडू लागलो. गाठ घट्ट बसली होती. ती सुटली तेव्हा घुंगरू वाजले, आणि आबा त्या आवाजाला वळले.

"कुठं घावली?"

"सापडली नाही आबा. मी घेतली होती."

"कवा?"

"तुम्ही न्हाणीत होता तेव्हा."

"कुठनं घेतलीस?"

"खुंटीवरून."

"खुंटीवरच व्हती?"

"होय. तुम्ही अडकवली होती तिथंच होती."

भाऊ "दादा!" एवढेच म्हणाला. आबा किल्लीकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी थांबलो होतो. त्यांना काहीतरी जुळवायचे होते आणि ते जुळत नव्हते, असे त्यांचे तोंड दिसत होते.

"मंग," ते म्हणाले, "तू माझ्यासंगं कणगीत हात कशाला घातलास?"

मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

आबा खाली वाकले आणि वहाणा काढल्या. हरभऱ्याच्या कडेचे एक ढेकूळ उचलून मुठीत धरले. कोणाला काही न विचारता ते माळाच्या टोकाकडे गेले, तिथे उभे राहून डोळे मिटले, आणि चालू लागले. मेंढरांचा मालक घमेले घेऊन मागे धावला. गुडघा अजून दुखत होता. पाऊल टाकताना ते किंचित उजवीकडे झुकत होते, पण रेघ सरळ पडत होती. अर्ध्यावर आल्यावर ते थांबले. बराच वेळ थांबले. मला वाटले, झाले. मी त्यांना उशिरा सांगितले. मग ते डावीकडे वळले.

"आबा, हितनं सरळ न्हाई का?" शेजारी म्हणाला.

"सरळ गेलास तर तुझ्या आज्याच्या हिरीत पडशील. बुजवलेली हाय, पण हाय. वाट तिला वळसा घालून जाती."

शेजाऱ्याने मान हलवली. घरी त्याने त्या विहिरीची गोष्ट ऐकलेली असणार. राखेची रेघ ओढ्यापर्यंत गेली. तिच्यावरचा हरभरा काढून घेऊ, तेवढी उसंत द्या, असे तो म्हणाला, आणि मेंढरांच्या मालकाने "घ्या की, माझी मेंढरं घेण्याच्या आधी" असे म्हटल्यावर पहिल्यांदा लोक मोकळेपणी हसले.

परत येताना आबा माझ्या पुढे चालत राहिले. घरी आल्यावर त्यांनी घुंगराची किल्ली खुंटीला, नव्या चाव्यांच्या शेजारी, अडकवली. मी त्यांच्या पायांशी बसलो. मनात होते ते एकदाचे बोललो. "आबा, तुम्हाला सांजचं दिसत नाही. तुम्ही आता गाडी चालवू नका. मला भीती वाटते."

"हे तवाच म्हणायचं व्हतं," ते म्हणाले.

"तुम्ही ऐकलं असतं?"

"न्हाई. शिव्या दिल्या असत्या. पण म्हणायचं व्हतं."

दुसऱ्या दिवशी ते गाडी घेऊन शेतात गेले. भाऊ माझ्याकडे पाहत राहिला. हरभरा निघेपर्यंत ते दिवसाउजेडी चालवत राहिले, सांजेच्या आत परत येत, आणि मी मानवतमध्ये फोन वाजला की दचकत असे. मग एका रविवारी त्यांनी आपणहून गाडी पुसली, तिच्यावर पोते टाकले आणि भावाला म्हणाले, "तुला लागली तर घेत जा." डोळ्यांचे म्हणाले नाहीत, माझेही नाव घेतले नाही.

हे इथे संपले असते तर मी ते लिहिले नसते. आबांना पुन्हा लोक विचारायला येतात आणि ते पुन्हा आधी झाड आणि मग माणूस सांगतात. त्यांचा स्वतःवरचा भरवसा परत आला. पण अलीकडे, या उन्हाळ्यापासून, त्यांच्या वस्तू खरोखर इकडेतिकडे होऊ लागल्या आहेत. चष्मा, दातकोरणे, काठी. आणि काही दिसले नाही की ते खुंटीकडे किंवा भावजयीकडे पाहत नाहीत. मी घरात असलो तर माझ्याकडे पाहतात.

"तू घेतलास का?"

त्यात टोमणा नसतो. ते खरेच विचारत असतात. मी घेऊ शकतो हे आता त्यांना माहीत आहे. मागच्या खेपेला चष्मा होता. मला तो तेव्हाच दिसला होता, गोठ्याच्या दांडीवर, चाऱ्याच्या पेंढीशेजारी, जिथे त्यांनी स्वतः सकाळी ठेवला असणार. होय म्हणालो असतो तर ते निश्चिंत झाले असते: लेकाने घेतला, आपण विसरलो नाही. नाही म्हणायचे म्हणजे, त्या दिवशी कणगीपाशी 'वयानं होतं' असे जे मी खोटे सांगितले होते तेच आता खरे म्हणून सांगायचे.

"नाही आबा," मी म्हणालो. "मी नाही घेतला."

ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. खरे बोलणारा माणूस कसा दिसतो ते मी त्यांना दाखवू शकत नव्हतो. त्यांच्यापुढे खोटे बोलतानाही मी एकदा तसाच दिसलो होतो.

"बरं," शेवटी ते म्हणाले. "चल मंग, शोधू."

मी उठलो आणि त्यांच्या मागोमाग निघालो. गोठ्याच्या दाराशी आल्यावर मी थांबलो, आणि दांडीकडे बोट दाखवून म्हणालो, "आबा, तिथं आहे. तुम्हीच ठेवलेला."